इल्यूसिसच्या विधीत ‘एलएसडी’ नव्हतं, आणि बाजरीवरच्या अरगटाला हात लावू नका

‘ग्रीकांचं दोन हजार वर्षं दडवलेलं गुपित’ अशा मथळ्याची एक लांबलचक मराठी पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. वेगवेगळ्या गटांतून ती माझ्याकडे आली आणि मी ती सोडून दिली. पण परवा माझ्या भाच्यानं ती पाठवली आणि खाली विचारलं, ‘मावशी, आपल्या बाजरीवर येतो तो अरगट म्हणजे हाच ना?’ पोरगा कॉलेजात शिकतो, घरी बाजरी असते, आणि त्यानं हा प्रश्न सहज विचारलेला नाही हे मला कळतं. आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांनी पोस्ट पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचं म्हणणं सांगते. अथेन्सजवळच्या इल्यूसिस गावी डिमीटर ह्या धान्यदेवतेचे गुप्त विधी होत. तिथे भाविकांना ‘कायकिऑन’ नावाचं पेय देत आणि त्यात धान्यावरच्या बुरशीतून काढलेलं एलएसडी, म्हणजे भास घडवणारं मादक द्रव्य, असे. शास्त्रज्ञांना ह्याचा पुरावा सापडला आहे. अल्सिबायडीस नावाचा सेनापती हेच पेय घरच्या पार्टीत वाटताना पकडला गेला. प्लेटोचं तत्त्वज्ञान ह्या नशेतून निघालं. विधी मूठभर श्रीमंतांसाठी होता. बायकांच्या गुप्त सणांत तर नुसता स्वैराचार चाले. हे सगळं मुळात भारतातून गेलं, शेवटचा मंत्रसुद्धा ‘कंक्षा ओम पक्ष’ असा संस्कृत होता. आणि चर्चनं एका रात्रीत सगळं जाळून टाकलं. शेवटची ओळ अशी: ‘निसर्गानं दिलेली गोष्ट आहे, त्यामुळे अपाय होत नाही.’

ह्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीच्या चुकांनी फार तर इतिहास बिघडेल, ह्या ओळीनं कुणाचा तरी जीव जाईल.

अरगट ही क्लॅविसेप्स कुळातली बुरशी. ती फुलोऱ्यात शिरते आणि दाणा भरायच्या जागी काळपट, कडक गाठ तयार करते. युरोपात ती राय ह्या धान्यावर येई, आणि असल्या धान्याचा पाव खाऊन मध्ययुगात गावंच्या गावं आजारी पडली. रक्तवाहिन्या आवळल्या जात, हातापायांची बोटं काळी पडत, सडत आणि गळून पडत. काहींना झटके येत. गर्भवती बायकांचे गर्भ पडत. ‘संत अँथनीची आग’ हे त्या रोगाचं नाव होतं. ह्याच बुरशीतलं एर्गोमेट्रिन डॉक्टर आजही बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरतात, कारण ते गर्भाशय जोरानं आवळतं. इस्पितळात मोजून दिलेलं ते औषध आहे. काळ्या गाठी कुटून पाण्यात टाकल्या तर कुठलं द्रव्य किती उतरलं हे ती गाठ सांगत नाही आणि तुमची जीभही सांगत नाही.

आणि एलएसडी ह्या बुरशीत मुळात नसतं. अल्बर्ट हॉफमन ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञानं ते 1938 साली प्रयोगशाळेत तयार केलं आणि मनावरचा त्याचा परिणाम त्याला 1943 साली स्वतःवर कळला. अरगटातल्या लायसर्जिक आम्लापासून त्यानं सुरुवात केली, एवढाच बुरशीशी त्याचा संबंध. ‘बुरशीतून काढलेलं एलएसडी’ हे पोस्टमधलं वाक्य त्यामुळे पहिल्याच पायरीवर पडतं.

राहिली बाजरी. बाजरीवर येणारा अरगट त्याच कुळातला पण वेगळ्या जातीचा. कणसातून आधी मधासारखा चिकट स्राव गळतो, मग दाण्याच्या जागी त्या गाठी धरतात. आपल्याकडचा कुठलाही जाणता शेतकरी हे ओळखतो. तो खाल्ला की काय होतं ह्याची नोंद आपल्याच भागातली आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट मिसळलेली बाजरी खाऊन विषबाधेची साथ आली होती, आणि 1958 साली तिच्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. पुढे 1975 साली राजस्थानात तेच झालं. मळमळ, ओकाऱ्या, गरगरणं, सुस्ती. त्या लोकांना देवी दिसली नाही, ती माणसं नुसती आजारी पडली. म्हणून तर पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायला सांगतात: 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ, वर तरंगणारं हलकं आणि रोगट बी काढून जाळायचं, खाली बसलेलं स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. भाच्याला मी हेच कळवलं आहे, आणि त्याच्या आईलाही.

आता हे खूळ आलं कुठून? 1978 साली हॉफमन, बुरशीचा अभ्यासक गॉर्डन वॉसन आणि ग्रीक वाङ्मयाचा प्राध्यापक कार्ल रक ह्या तिघांनी मिळून हा तर्क पुस्तकरूपानं मांडला. तर्क असा, की इल्यूसिसच्या पुजाऱ्यांना अरगटातली पाण्यात विरघळणारी द्रव्यं वेगळी करता येत असावीत आणि विषारी भाग मागे राहत असावा. तिघंही आपापल्या विषयातले मोठे लोक होते, आणि कल्पना म्हणून तिचा विचार व्हायला हरकत नव्हती. पण तेव्हापासून आजपर्यंत खुद्द इल्यूसिसच्या उत्खननातून ह्या तर्काला आधार देणारं एकही भांडं पुढे आलेलं नाही. पोस्टनं मात्र ‘असावा’ पुसून ‘होता’ लिहिलं.

ह्या पेयाबद्दलचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे डिमीटरचं स्तोत्र. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी हे एक. इसवी सन पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीचं किंवा सहाव्याच्या सुरुवातीचं. त्याची एकच हस्तलिखित प्रत टिकली, तीही 1777 साली मॉस्कोत सापडली. मुलगी पर्सेफोनीला पाताळाचा राजा हेडिस पळवून नेतो. डिमीटर नऊ दिवस हातात मशाली घेऊन, अन्नपाणी सोडून तिला शोधत हिंडते आणि म्हातारीच्या वेषात इल्यूसिसच्या राजवाड्यात येते. राणी मेटानेरा गोड मद्याचा पेला पुढे करते. देवी नकार देते: तांबडं मद्य मला चालणार नाही. मला जवाचं पीठ आणि पाणी द्या, त्यात कोवळा पुदिना घाला. (पुदिन्याच्याच जातीची, पेनीरॉयल नावाची उग्र वासाची पाला-वनस्पती ती. तिचं तेलही यकृताला घातक आहे, तेव्हा ‘मग तेच करून बघू’ असंही कुणी म्हणू नये.)

जव, पाणी, पुदिना. कृती संपली. आणि हे नीट लक्षात घ्या: ह्याच स्तोत्रात शेवटी देवी आपले पवित्र विधी राजांना शिकवते तेव्हा कवी बजावतो, की हे विधी ओलांडू नयेत, विचारू नयेत, उच्चारू नयेत, देवतांचा धाक वाचा अडवतो. म्हणजे गुपित काय आणि उघड काय ह्याचं भान ह्या कवीला पुरेपूर आहे. विधीबद्दल तो तोंड मिटतो आणि पेयाची कृती मात्र तीन जिनसांसकट सर्वांसमोर गातो. सगळं रहस्य त्या पेल्यात असतं तर त्यानं नेमका तोच पेला असा उघडा ठेवला असता का? पोस्ट लिहिणाऱ्यानं स्तोत्र वाचलेलं असतं तर एवढा प्रश्न त्याला स्वतःलाच पडला असता.

शिवाय कायकिऑन हे इल्यूसिसचं खास पेय नव्हतंच. इलियडच्या अकराव्या सर्गात दमूनभागून आलेल्या म्हाताऱ्या नेस्टर राजाला हेकामीडी ही दासी ते घुसळून देते, त्यात मद्य आहे, बकरीच्या दुधाचं किसलेलं चीज आहे, वर पांढरं जवाचं पीठ भुरभुरलेलं आहे. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात फळं जास्त खाल्ल्याचा त्रास होऊ नये म्हणून हर्मिस देव पुदिन्याचं कायकिऑन घ्यायला सांगतो. थिओफ्रॅस्टस ह्या ग्रीक लेखकानं गावंढळ माणसाचं शब्दचित्र काढलंय, तो हे ढोसून सभेला येतो आणि शेजाऱ्यांना त्याचा वास सोसावा लागतो. शेतकऱ्याचं, आजाऱ्याचं, प्रवाशाचं पेय होतं ते. दिवसभराचा उपास सोडताना पोटाला सोसेल असं काहीतरी, म्हणून विधीत आलं.

मग आकड्यांचा विचार करा. विधीची मुख्य वास्तू, टेलेस्टेरिऑन, म्हणजे एकेक बाजू साधारण 50 मीटरची चौरस इमारत, आत खांबांचं जंगल आणि कडेनं खडकात कोरलेल्या पायऱ्या. सुमारे 3,000 माणसं मावत असं अभ्यासक सांगतात. दरवर्षी, शतकानुशतकं, इतक्या लोकांना बुरशीचा अर्क दिला, त्यात म्हातारे, गर्भवती बायका, अशक्त लोक, आणि कुणाची बोटं गळाली नाहीत, कुणाचा गर्भ पडला नाही, कुणी मेलं नाही? बुरशी दरवर्षी सारखी येत नाही, तिचा जोर पावसावर ठरतो. पण विधी दरसाल ठरलेल्या तिथीलाच व्हायचा आणि भाविक दरसाल समाधानानं परतायचे. आणि काही विपरीत घडलं असतं तर ते चव्हाट्यावर मांडायला ख्रिस्ती लेखक टपलेलेच होते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ह्या विधींची यथेच्छ निंदा केली. भाविकांनी म्हणायचं वाक्यही त्यानं फोडलं: ‘मी उपास केला, मी कायकिऑन प्यालो, मी पेटीतून घेतलं…’ पवित्र पेट्यांत काय काय असे त्याची यादी दिली: तिळाच्या पोळ्या, मिठाचे खडे, डाळिंब, अंजिराच्या फांद्या, आयव्हीचा वेल, खसखशीची बोंडं. फसवणूक आहे, लाजिरवाणं आहे, सगळं म्हणाला. ‘हे लोकांना गुंगीचं पाजतात’ एवढंच म्हणाला नाही. सगळ्यात सोपा घाव होता तो, आणि इतक्या कडव्या विरोधकानं घातला नाही.

‘शास्त्रज्ञांना पुरावा सापडला.’ इथे अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करावं लागेल. मास कास्तेयार दे पोंतोस इथल्या उत्खननात एका लहान भांड्यात आणि एका माणसाच्या दातांवरच्या किटणात अरगटाचे अंश मिळाल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. जागा डिमीटर-पर्सेफोनीच्या उपासनेशी जोडलेली आहे, हेही खरं. पण हे ठिकाण स्पेनमध्ये, एम्पोरिऑन ह्या ग्रीक वसाहतीजवळ आहे. इल्यूसिस भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या एका भांड्यावरून इथल्या हजार वर्षांच्या विधीचा निकाल लावता येत नाही. आणि हेही मान्य करते, की खसखशीचं बोंड डिमीटरच्या हातात कणसाबरोबर सर्रास दिसतं. इल्यूसिसच्या धाकट्या प्रवेशद्वारावरच्या दगडी स्त्रीमूर्तीच्या डोक्यावरच्या पेटीवरही ते कोरलेलं आहे. अफूची झाडं ग्रीकांना ठाऊक होती. पण पोस्ट अफूबद्दल बोलत नाही, आणि देवीच्या हातातली प्रत्येक वस्तू भक्ताच्या पोटात गेली असं कुठल्याच धर्मात होत नाही.

आता अल्सिबायडीसची पार्टी. सगळ्यात जास्त शेअर झालेला भाग हाच, आणि सगळ्यात खोटाही. इसवी सन पूर्व 415 साली, अथेन्सचं आरमार सिसिलीवर निघायच्या बेतात असताना, काही श्रीमंत तरुणांनी घरात इल्यूसिसच्या विधींची नक्कल केल्याचा गौप्यस्फोट झाला. पोस्ट म्हणते, ते तिथे ‘पवित्र नशा’ करत होते. पण अल्सिबायडीसवरच्या आरोपपत्राचा मजकूर प्लूटार्क ह्या ग्रीक चरित्रकारानं दिलेला आहे. आरोप असा: त्यानं डिमीटर आणि पर्सेफोनी ह्या दोन्ही देवींचा अपराध केला, स्वतःच्या घरात सोबत्यांना विधींची नक्कल करून दाखवली, पवित्र वस्तू दाखवताना मुख्य पुरोहित, हायरोफंट, जसा झगा घालतो तसा झगा घातला, स्वतःला हायरोफंट म्हणवलं, पुलिटिऑनला मशालधारी केलं, थिओडोरसला भालदार, आणि बाकीच्यांना दीक्षित, म्हणजे विधीची दीक्षा घेतलेले, म्हणून हाक मारली.

झगा, पदव्या, दाखवणं. आरोपपत्रात पेल्याचा उल्लेख नाही. फिर्यादी त्याला फाशी मागत होते; पवित्र पेय चोरून वाटलं हे कलम हाताशी असतं तर त्यांनी ते सोडलं असतं का? अल्सिबायडीस पळून स्पार्टाला गेला, त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड झाला, मालमत्ता जप्त झाली. त्या प्रकरणात जप्त केलेल्या घरगुती सामानाच्या लिलावाच्या याद्या दगडावर कोरल्या होत्या, त्यांचे तुकडे आजही आहेत. अथेन्सनं गुन्हा मानला तो दाखवण्याचा आणि बोलण्याचा. पॉसेनियससारखा प्रवासवर्णनकार इल्यूसिसच्या भिंतीपाशी येऊन थांबतो आणि म्हणतो, आतलं लिहायला मला स्वप्नात मनाई झाली. इसवी सन पूर्व 200 साली पश्चिम ग्रीसमधल्या अकार्नेनियातले दोन तरुण, दीक्षा नसलेले, गर्दीबरोबर नकळत आत शिरले. त्यांच्या प्रश्नांवरून ते परके असल्याचं उघड झालं आणि त्यांना ठार केलं गेलं. त्यावरून युद्ध पेटलं. त्या पोरांनी काही प्यायलं म्हणून नव्हे, पाहिलं म्हणून ते मेले.

मग पाहण्यासारखं काय होतं? पोस्टला नशेखेरीज कशाचीच कल्पना करता येत नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येणाऱ्या बोएड्रोमिऑन महिन्यात हा उत्सव होई. आधी पवित्र वस्तू झाकलेल्या पेट्यांतून इल्यूसिसहून अथेन्सला आणत. मग चौकात जाहीर पुकारा: ज्याचे हात रक्तानं माखलेले नाहीत आणि ज्याची बोली समजते त्यानंच यावं. दुसऱ्या दिवशी ‘दीक्षितहो, समुद्राला चला’ अशी हाक, आणि प्रत्येकजण डुकराचं एकेक पिल्लू घेऊन समुद्रात उतरायचा. स्वतः न्हायचा, पिल्लाला न्हाऊ घालायचा, मग त्याचा बळी. प्लूटार्क सांगतो, एकदा एक दीक्षित पिल्लू धूत असताना समुद्रातल्या श्वापदानं त्याला धरलं आणि पोटापर्यंतचा खालचा भाग गिळला. तो अथेन्सवरचा अपशकुन मानला गेला. त्यानंतर पवित्र मार्गानं साधारण 20 किलोमीटरची पायी मिरवणूक. ‘इआक्खॉस, इआक्खॉस’ असा घोष. केफिसॉस नदीच्या पुलावर तोंड झाकलेली माणसं बसायची आणि मोठ्या मोठ्या नागरिकांना नावं ठेवायची, शिव्या द्यायची. कुणी रागवायचं नाही. अंधार पडता पडता मशालींनिशी इल्यूसिस.

दिवसभर पोटात काही नाही, पायपीट, डोळ्यांत धूळ, आणि मग हजारो माणसांनी भरलेली ती काळोखी इमारत. प्लूटार्कच्या एका टिकून राहिलेल्या उताऱ्यात मृत्यूच्या क्षणाची तुलना मोठ्या दीक्षेशी केलेली आहे: आधी भटकणं, वाटा चुकणं, अंधारातून भीतभीत चालणं, शेवटाच्या आधी थरकाप, घाम; आणि मग अचानक विलक्षण प्रकाश, कुरणं, गाणी. रोमन वक्ता सिसेरो स्वतः दीक्षा घेतलेला होता. तो लिहितो, अथेन्सनं जगाला दिलेल्या गोष्टींत ह्या विधींहून चांगलं काही नाही, कारण त्यातून आनंदानं जगायला आणि चांगल्या आशेनं मरायला शिकतो. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस म्हणतो, की शेवटी दाखवलं जाई ते शांततेत कापलेलं एक कणीस. मुलगी मातीखालून परत आली, धान्य परत आलं. ज्या माणसाचं सगळं वर्ष जवाच्या पिकावर अवलंबून आहे त्याला त्या मशालींच्या उजेडात एक कणीस पुरेसं असतं. तो रडेल, हात जोडेल, आणि आयुष्यभर ती रात्र विसरणार नाही. त्याच्या श्रद्धेला रसायनाची पावती मागणं हा मला त्या माणसांचा अपमान वाटतो, आणि ह्या पोस्टवरचा माझा राग बराचसा तिथून येतो.

‘मूठभर श्रीमंतांसाठी.’ साफ चूक. हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानं लिहिलंय, अथेन्सकर आणि इतर ग्रीक ह्यांपैकी ज्याला हवी त्याला दीक्षा मिळते. बायकांना मिळे, गुलामांना मिळे. खर्च होता हे खरं, पिल्लू विकत घ्यावं लागे आणि पुरोहितांना शुल्क द्यावं लागे. पण सरकारी गुलामांच्या दीक्षेचा खर्च सरकारी हिशेबात नोंदलेला आहे. आणि एक गोष्ट मला फार आवडते: इसवी सन पूर्व चौथ्या शतकातल्या एका खटल्याच्या भाषणात मेटानेरा नावाच्या गणिकेचा उल्लेख येतो, योगायोगानं स्तोत्रातल्या राणीचंच नाव. ती निकारेटी नावाच्या मालकिणीची गुलाम होती. लिसिअस ह्या प्रसिद्ध वक्त्याचं तिच्यावर प्रेम होतं. त्याला वाटलं, मी दिलेलं बाकी सगळं मालकीणच घेते, तर हिच्यासाठी असा खर्च करावा जो हिचाच राहील. म्हणून त्यानं तिला इल्यूसिसची दीक्षा द्यायचं ठरवलं. कुणालाही हिरावून घेता येणार नाही अशी वस्तू म्हणून एका गुलाम स्त्रीसाठी त्यानं काय निवडलं ते पाहा.

प्लेटोच्या नशेबद्दल फार लिहीत नाही. त्यानं दीक्षेची भाषा आपल्या संवादांत वापरली हे खरं. पण ग्रीक तत्त्वज्ञानाची सुरुवात थेलीसपासून धरतात. तो प्लेटोच्या कितीतरी आधीचा, आणि मायलेटसचा, एजिअन समुद्राच्या पलीकडचा. म्हणजे त्या तत्त्वज्ञानाचं मूळ इल्यूसिसच्या पेल्यात शोधता येत नाही.

बायकांच्या सणांवरचा चिखल मात्र धुवायलाच हवा. पोस्टचा रोख थेस्मोफोरियावर आहे. हाही डिमीटरचाच सण, फक्त नागरिकांच्या लग्न झालेल्या बायकांचा, अथेन्समध्ये तीन दिवसांचा. पहिला दिवस चढण्याचा, दुसरा उपासाचा, तिसरा सुसंततीचा. मधल्या दिवशी बायका जमिनीवर बसून कडक उपास करत. आधी खड्ड्यांत टाकलेल्या डुकराच्या पिल्लांचे कुजलेले अवशेष, ठरावीक दिवस शुचिर्भूत राहिलेल्या बायका खाली उतरून वर आणत, वेदीवर ठेवत, आणि ते बियाण्यात मिसळून पेरलं की पीक चांगलं येतं असं मानत. कष्टाचा, उग्र वासाचा, जबाबदारीचा विधी. बायका एकमेकींना अश्लील बोलत, हे खरं आहे. त्याला सुफलनाचा अर्थ होता. पोस्टनं त्या अर्ध्या ओळीवर इमला चढवला. स्वैराचाराच्या बहुतेक गोष्टी पुरुषांनी, बाहेर बसून, विनोदी नाटकांसाठी रचलेल्या आहेत. लिसिअसनंच लिहून दिलेल्या एका भाषणात बायकोच्या प्रियकराला मारल्याबद्दल नवऱ्यावर खटला आहे, आणि त्यात बायकोबद्दल सांगितलंय की ती प्रियकराच्या आईबरोबर थेस्मोफोरियाला गेली. चिडलेला नवरासुद्धा सणाला बोल लावत नाही.

आणि ‘कंक्षा ओम पक्ष’. आपल्याकडे हे वाचून छाती फुगते, म्हणून सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ही जुळणी छापली. हेसिकिअसच्या ग्रीक कोशात ‘काँक्स ओम्पाक्स’ अशी नोंद आहे, काम पुरं झाल्यावर काढायचा उद्गार म्हणून. त्या नोंदीत इल्यूसिसचं नाव नाही. 1829 साली लोबेक ह्या जर्मन पंडितानं दाखवून दिलं, की तिथे मधे ‘ओम’ नाहीच; ‘काँक्स, तसंच पाक्स’ असं ते आहे, आणि नकलेत अक्षरं चिकटली. विल्फर्डच्या संशोधनाची आणखी एक गोष्ट: त्याच्या हाताखालच्या पंडितानं पोथ्यांत हवे ते श्लोक घुसडून त्याला फसवलं होतं, आणि हे त्यानं स्वतः 1805 साली छापून कबूल केलं. दोनशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आपण आज अभिमानानं पुढे ढकलतो आहोत.

भारताचा इल्यूसिसशी खरा संबंध आहे, आणि पोस्टमध्ये नेमका तोच नाही. ऑगस्टस बादशहाकडे भारतातून एक वकिलात गेली होती. तिच्यासोबत झार्मानोखेगास नावाचा एक माणूस होता. नावात ‘श्रमण’ असावा असं काही अभ्यासक मानतात. रोमचा इतिहासकार डिओ कॅसिअस सांगतो, की इसवी सन पूर्व 20 च्या सुमारास, विधीची ठरलेली वेळ नसतानाही, ऑगस्टससाठी म्हणून उत्सव घेतला गेला आणि ह्या भारतीयाला दीक्षा मिळाली. नंतर त्यानं अथेन्समध्ये स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केलं. स्ट्रॅबो ह्या भूगोलकारानं त्याच्या थडग्यावरचा लेख दिला आहे: ‘बार्गोसाहून आलेला भारतीय झार्मानोखेगास, भारतीयांच्या पूर्वापार रीतीनं स्वतःला अमर करून, इथे आहे.’ बार्गोसा म्हणजे बहुधा आपलं भडोच. हा माणूस तिकडे काही शिकवायला गेल्याची नोंद नाही. तो दीक्षा घ्यायला गेला, आणि मेला मात्र आपल्या रीतीनं. ज्यांना अभिमानच वाटून घ्यायचा आहे त्यांनी ह्या माणसाचा घ्यावा, तो खरा होता.

चर्चबद्दल थोडक्यात. एका रात्रीत काही झालं नाही. सन 170 मध्ये कोस्टोबोकी टोळीनं इल्यूसिस लुटलं, ते ख्रिस्ती नव्हते. मार्कस ऑरेलिअसनं ते पुन्हा बांधलं आणि 176 साली स्वतः दीक्षा घेतली. सन 364 मध्ये व्हॅलेंटिनिअन बादशहानं रात्रीचे यज्ञ बंद केले, तेव्हा ग्रीसचा सुभेदार प्रेटेक्स्टाटस ह्यानं ‘ह्याशिवाय ग्रीकांना जगणं अशक्य होईल’ असं सांगून सूट मिळवली. थिओडोसिअसचे बंदीचे कायदे 391 आणि 392 चे. त्यानंतर तीन-चार वर्षांतच अलारिकचे गॉथ ग्रीसमध्ये घुसले आणि इल्यूसिस उद्ध्वस्त झालं. त्याआधीच तिथे थेस्पिआहून आलेला, मिथ्र ह्या दुसऱ्या देवाच्या पंथातही पदवी असलेला माणूस हायरोफंट होऊन बसला होता. त्या काळातला ग्रीक लेखक युनेपिअस हे फार कडवटपणे नोंदवतो, कारण नियमानं ते पद युमोल्पिडाय घराण्याचं होतं.